दहा रुपयांच्या कॅसेटचा इतिहास

स्मरणिकेच्या मंडळींनी फोन करून "तू इतिहासावर काहीतरी लिही" असं सांगितलं, तेव्हा मला आधी हसूच आलं. दहावीला इतिहासात मला किती गुण मिळाले होते हे आपल्या बाईंना आठवत असेल, तर त्यांनी कृपा करून ते स्टेजवरून सांगू नये. सनावळ्या माझ्या डोक्यात कधीच टिकल्या नाहीत. टिकला तो प्रश्नपत्रिकेतला एकच प्रश्न : 'कारणे द्या.' पुढे इंजिनीअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये वीसेक वर्षं काढली आणि लक्षात आलं की आमचं कामही तेवढंच आहे. काहीतरी बिघडतं आणि त्याचं कारण द्यायचं असतं.

म्हणून मी एक छोटाच प्रश्न घेतला आहे. गाणं स्वस्तात मिळतं, तेव्हा ते स्वस्त का असतं? 'सेल' असं लिहिलेल्या पाटीमागे नेमकं काय घडलेलं असतं? या प्रश्नाची सुरुवात आपल्या शाळेच्या वाटेवरच झाली.

आठवतंय ना, आपण शाळेत होतो तेव्हाचं पेणकरपाडा? पूर्वेला हायवे आणि त्यापलीकडे नॅशनल पार्कचा डोंगर. स्टेशनच्या बाजूला गेलं की मिठागरं. मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ मध्ये झाली, महानगरपालिका २००२ मध्ये. म्हणजे आपली सगळी शाळा ही गाव संपून शहर सुरू व्हायच्या मधल्या काळात झाली. त्या रस्त्यावर आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीच्या बाबांचं कॅसेटचं दुकान होतं. तिचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला कळेलच. दारावर पाटी होती, 'येथे गाणी भरून मिळतील.' आपण गाण्यांची यादी वहीच्या पानावर लिहून द्यायची, काका दोन दिवसांनी कॅसेट भरून द्यायचे. कोरी कॅसेट आपली असेल तर भरायचे दहा रुपये.

काका त्याआधी बरीच वर्षं फोर्टातल्या एका रेकॉर्डच्या दुकानात सेल्समन होते. रोज दहिसरहून लोकल पकडायचे. तिथलं ऐकून ऐकून तयार झालेला कान त्यांनी इथे आणला होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते स्वतःसाठी एक कॅसेट लावत. तिच्या लेबलवर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'इंग्लिश (शब्द नाहीत)'. आठवीत असताना मी ती पहिल्यांदा ऐकली. ढोलकी नाही, पेटी नाही, गाणारं कोणी नाही. तरीही पाय थांबेना, आणि मोजायला जावं तर मात्रा चारांत बसेनात. काका म्हणाले, "पाच मोज." मोजल्या. बसल्या.

मी कॅसेट मागितली. काकांनी तिची कॉपी करून दिली, पैसे फक्त कोऱ्या कॅसेटचे घेतले. आणि म्हणाले, "दुसरी बाजूसुद्धा ऐक. दोन्ही बाजू एकच आहेत." दुसऱ्या बाजूला सी. रामचंद्रांची जुनी हिंदी गाणी होती. मला वाटलं, काका गंमत करतायत. ती गंमत नव्हती हे कळायला मला दहा वर्षं लागली.

आता इतिहास. आपल्याकडे ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये, कोलकात्याला. गौहरजान त्या पहिल्या गायिकांपैकी. १९०८ मध्ये कोलकात्याच्या सियालदहला रेकॉर्डचा कारखानाही निघाला. त्या तबकड्या लाखेच्या असत, आणि जगभरच्या कारखान्यांना लागणारी लाख मोठ्या प्रमाणात आपल्या जंगलांतून जात असे. म्हणजे कच्चा माल आपला, पण तबकडी मात्र श्रीमंताच्या दिवाणखान्यातली वस्तू. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं संगीत. बाकीच्यांनी ते इराण्याच्या हॉटेलात किंवा शेजाऱ्याच्या खिडकीतून ऐकायचं.

जॅझ तर त्याहून लांब. १९३५ च्या सुमारास लिऑन अ‍ॅबी हा आफ्रिकी-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला, ताजमध्ये गाजला आणि १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेला. यांना ऐकायचं तर ताजमध्ये जेवायला जावं लागे. पण या बँडमधून, त्यांच्या आजूबाजूला, एक मोठी फळी तयार होत होती, ती गोव्याच्या वादकांची. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली ही मुलं मुंबईत येऊन हॉटेलांत, क्लबांत वाजवू लागली. आल्दोन्याचा आंतोनियो शावियेर वाझ त्यांतलाच. ट्रम्पेट वाजवायचा आणि 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखला जायचा.

रात्री हॉटेलात वाजवणारे हेच वादक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जाऊ लागले, कारण तिथे नोटेशन वाचणारे आणि लिहिणारे हवे होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्सालविस, फ्रँक फर्नांड यांनी कितीतरी संगीतकारांच्या चालींभोवती वाद्यवृंद रचला. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. १९५१ च्या 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. पुणतांब्याचे रामभाऊ चितळकर, मुंबईचे भगवानदादा आणि आल्दोन्याचा चिक, या तिघांनी मिळून जॅझ अशा लोकांपर्यंत पोचवला, ज्यांनी तो शब्दही ऐकला नव्हता. ताजमधल्या जेवणाच्या पैशांत मिळणारी गोष्ट आता थिएटरच्या पुढच्या रांगेतल्या तिकिटात मिळू लागली. भारतातला जॅझवरचा पहिला मोठा सेल कोणता असं मला विचाराल, तर मी म्हणेन, हाच.

आणि तो स्वस्त का होता? एक कारण असं : रेकॉर्डच्या लेबलवर गायक-गायिकेचं, संगीतकाराचं, सिनेमाचं नाव असे. ट्रम्पेट कोणी वाजवला, वाद्यवृंद कोणी रचला, हे नसे. वादकाला त्या दिवसाच्या कामाचे पैसे मिळत आणि हिशेब तिथेच मिटे. तबकडी पुढे शंभर खपो की लाख, त्यात त्याचा वाटा नाही. गाण्यांच्या रॉयल्टीवरून साठच्या दशकात मोठमोठ्या गायकांमध्येही वाद झाले, मग वादकांचं कोण विचारतो?

याच्या शेजारी काकांच्या कॅसेटची पहिली बाजू ठेवून बघा. ती पाच मात्रांची धून म्हणजे डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीची 'टेक फाइव्ह', हे मला खूप उशिरा कळलं. ब्रूबेकची ही मंडळी १९५८ मध्ये अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर निघाली होती. तुर्कस्तानात त्यांना रस्त्यावरचे वादक नऊ मात्रांत वाजवताना ऐकू आले, भारतात मुंबईपर्यंत येऊन त्यांनी इथले तालवादक ऐकले. पुढच्या वर्षी वेगवेगळ्या मात्रांच्या धुनांची 'टाइम आउट' ही एलपी निघाली. 'टेक फाइव्ह' रचली होती सॅक्सोफोन वाजवणाऱ्या पॉल डेस्मंडने, आणि तसं त्यावर छापलेलं होतं. १९७७ मध्ये तो वारला तेव्हा या रचनेचं उत्पन्न त्याने अमेरिकन रेडक्रॉसला देऊन ठेवलं. लेबलवर एक नाव छापलं गेलं म्हणून एका संस्थेला वर्षानुवर्षं पैसे मिळत राहिले. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेला. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला वाजणाऱ्या त्याच्या ट्रम्पेटचं असं काही झालं नाही. काका म्हणाले होते, दोन्ही बाजू एकच. संगीत एकच होतं. हिशेब मात्र वेगळा होता.

परदेशी जॅझची रेकॉर्ड घ्यायची तर ती मात्र महागच राहिली. आयातीवर बंधनं होती, आणि इथल्या कंपन्या निवडक रेकॉर्डच छापत. शौकीन लोक १९५५ पासून 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम शॉर्टवेव्हच्या खरखरीतून ऐकत. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन भारतात वाजवून गेला, १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत 'जॅझ यात्रा' सुरू केली आणि रंगभवनच्या उघड्या मैदानात जगातले मोठे वादक आले. पण मैफल संपली की घरी न्यायला रेकॉर्ड कुठे होती? असली तरी पगाराचा केवढा भाग तिच्यात गेला असता?

अमेरिकेत तेव्हा एक वेगळीच पद्धत होती. न खपलेल्या एलपी कंपनी घाऊक भावात काढून टाके. त्या पुन्हा पूर्ण किमतीला परत येऊ नयेत म्हणून वेष्टनाचा कोपरा कापत, नाहीतर करवतीने खाच पाडत, नाहीतर भोक पाडत. त्यांना 'कट-आउट' म्हणत. अशा रेकॉर्ड फिरत फिरत आपल्या जुन्या बाजारांतही येतात. कोपरा कापलेला दिसला की मला पूर्वी आनंद व्हायचा, स्वस्त मिळणार म्हणून. नंतर वाचलं की अशा विक्रीवर कलाकाराला साधारणपणे काहीच मिळत नसे. कोपऱ्याबरोबर त्याचा वाटाही कापलेला असायचा.

मग आली कॅसेट, आपल्या पिढीची. फिलिप्सने ती १९६३ मध्ये काढली, पण आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने पोचली सत्तरीच्या शेवटी, आखातात कामाला गेलेल्यांच्या टू-इन-वनबरोबर. रेकॉर्ड छापायला कारखाना लागे, कॅसेट भरायला दोन डेक पुरत. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमारांच्या टी-सिरीजने भाव खाली आणले आणि कॅसेट पानाच्या टपरीवर, वाण्याच्या दुकानात विकायला ठेवली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या आवाजात गाऊन घेतली गेली. तेव्हाच कोळीगीतं, भजनं, लावण्या, गणपतीच्या आरत्या यांच्या कॅसेट गावोगाव निघाल्या. ज्या गाण्यांना मोठी कंपनी दारातही उभी करत नव्हती, त्यांना स्वस्ताईने दार उघडून दिलं. हे विसरून चालणार नाही. स्वस्ताई नसती तर पेणकरपाड्यातल्या, वडील गिरणीत असलेल्या मुलीला ब्रूबेक ऐकायला मिळाला नसता. मी आज जे काही ऐकते, ते त्या दहा रुपयांमुळे.

पण 'येथे गाणी भरून मिळतील' हेही कायद्याच्या भाषेत चोरीच होती. तेव्हा गल्लोगल्ली अशी दुकानं होती आणि आपल्यापैकी कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मी काकांना दोष द्यायला हे लिहीत नाही. हिशेब लिहायचा तर पूर्ण लिहावा, आणि पुढची नोंद माझ्या स्वतःच्या नावावर आहे, म्हणून लिहिते.

२००२ मध्ये मी इंजिनीअर झाले, नोकरी लागली. तेव्हा एमपीथ्रीचा जमाना सुरू झाला होता. त्याचं गणित सोपं आहे. सीडीवरच्या संगीताला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. माणसाच्या कानाला जे ऐकू येणार नाही ते गाळून एमपीथ्री तेच काम १२८ मध्ये करते, म्हणजे अकरा पट कमी जागेत. ज्या सीडीवर सव्वा तासाचं संगीत मावायचं तिच्यावर बारा तासांचं मावू लागलं. कोरी सीडी पंधरा-वीस रुपयांना. ऑफिसात सीडी रायटर होता, आम्ही रोज संध्याकाळी एकमेकांना गाणी देत होतो.

२००३ च्या पावसाळ्यात एका शनिवारी मी त्या रस्त्याने जात होते. काकांच्या दुकानावर पुठ्ठ्याची पाटी होती, 'कोणतीही कॅसेट १० रुपये.' मी आत शिरले. अर्धी कपाटं रिकामी झाली होती. मी निवडून चाळीस कॅसेट काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाले, "काका, चारशे होतात. तीनशेला द्या ना." माझा पहिल्या वर्षाचा पगार खिशात होता. काका हसले आणि "घे" म्हणाले. मैत्रीण मागे खोक्यात सामान भरत होती, तिने मान वर केली नाही. काकांनी पिशवी भरताना वर एक कॅसेट ठेवली, 'इंग्लिश (शब्द नाहीत)', त्यांची स्वतःची, मूळची. म्हणाले, "तुझी कॉपी आता घासली असेल."

मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की शंभर रुपये वाचवले. माझ्या दुसऱ्या पिशवीत त्याच आठवड्यात भरलेली बारा तासांची सीडी होती. सेल का लागला होता याचं कारण मी खांद्याला अडकवूनच त्या दुकानात गेले होते, आणि वर घासाघीस करून आले होते.

त्यानंतर मला जुन्या रेकॉर्डचा नाद लागला. चोरबाजारात शुक्रवारी पहाटे फुटपाथवर माल मांडतात. पुण्याला बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथल्या काही गोष्टी सांगून ठेवते, कोणाला उपयोग होईल. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघावी : बोटाच्या नखाला लागणारा ओरखडा आवाजात येतो, नुसता दिसणारा बहुधा येत नाही. कडेने बघून वाकलेली नाही ना ते तपासावं. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला एलपीची सुई लावू नये, तिची खाच रुंद असते. कॅसेट घेताना आतला फेल्टचा तुकडा जागेवर आहे का पाहावं, तो पडला की आवाज दबतो. सीडी दिव्यासमोर धरावी, टाचणीच्या भोकासारखे ठिपके दिसले तर घेऊ नये. आणि शक्यतो जुन्या हिंदी सिनेमाचा ढीग आधी बघावा. जॅझचे शौकीन तिथे सहसा हात घालत नाहीत, आणि मुंबईतला निम्मा जॅझ तिथेच आहे.

एवढं सगळं शिकले, पण तिथे एक गोष्ट दरवेळी दिसायची. चांगल्या जपलेल्या रेकॉर्डचा गठ्ठा बाजारात आला, की कोणाचं तरी घर आवरलं गेलेलं असतं. वेष्टनावर शाईने तारीख असते, कधी 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' असतं. सेल हा बहुतेक वेळा कशाचा तरी शेवट असतो. ७८ च्या तबकड्या स्वस्त झाल्या एलपी आल्यावर, एलपी कॅसेटमुळे, कॅसेट सीडीमुळे, सीडी एमपीथ्रीमुळे. २०१६ च्या फेब्रुवारीत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं, तेव्हा शेवटच्या दिवसांत मीही गेले होते. जॅझच्या कपाटातून दोन सीडी घेतल्या, छापलेल्या किमतीला. भाव विचारलासुद्धा नाही.

आता तर महिन्याला थोडे पैसे भरले की जगातलं बहुतेक संगीत फोनवर येतं. माझी मुलगी विचारते, "आई, तू एका गाण्यासाठी दोन दिवस थांबायचीस?" थांबायचे. स्क्रीनवर मात्र अजूनही बऱ्याच जुन्या गाण्यांखाली वादकाचं नाव नसतं. साठवायला जागा लागत नाही, लिहायला पैसे पडत नाहीत, तरी नसतं. त्याचं कारण तांत्रिक नाही, एवढं मी माझ्या धंद्यावरून सांगू शकते.

काका गेल्या वर्षी गेले. मला ते आपल्या बॅचच्या ग्रुपवर कळलं. त्या रात्री मी त्या चाळीस कॅसेट खाली काढल्या. काही चिकटल्या आहेत, बऱ्याचशा वाजतात. तेव्हापासून एकेक करून मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेते आहे, आणि प्रत्येक गाण्यापुढे, खात्रीने कळेल तिथे, वाजवणाऱ्यांची नावं लिहिते आहे. पहिल्या कॅसेटची पहिली बाजू सोपी होती : पियानो डेव्ह ब्रूबेक, सॅक्सोफोन पॉल डेस्मंड, बास यूजीन राइट, ड्रम्स जो मोरेलो. दुसऱ्या बाजूला मी लिहिलं आहे : संगीत सी. रामचंद्र, साहाय्यक चिक चॉकलेट. पुढे बऱ्याच ओळी रिकाम्या आहेत. आपल्यापैकी कोणाचे काका, मामा, आजोबा स्टुडिओत वाजवायला जात असतील, तर मला सांगा. ओळी भरायच्या आहेत.

आणि मैत्रिणीसाठी : संमेलनाला मी ती मूळ कॅसेट घेऊन येते आहे. लेबलवर काकांचं अक्षर जसंच्या तसं आहे. ती तुझी. सोबत शंभर रुपयेही आणते आहे. तू घेणार नाहीस हे माहीत आहे, तरी आणते. बाई, कारण मी वर दिलं आहे. गुण तुम्ही द्या.